ठिणगीचा पत्ता

ग्युमरीच्या जानेवारीत उघड्या हातानं लोखंड धरलं
तर लोखंड कातडी सोडत नाही.
म्हणून अर्शाविर काका आधी नुसते ऐकतात.
"फिरव किल्ली," म्हणतात,
आणि टोपी मागे सारून इंजिनावर वाकतात.

मी फिरवते.
घरघर, घरघर, घरघर,
दमेकरी माणूस तिसऱ्या मजल्याशी येऊन थांबावा
तशी झिगुली थांबते.

"स्टार्टर ठीक. बॅटरीही ठीक."
बॅटरी ठीक असणारच. रात्रभर ती आमच्या स्वयंपाकघरात
शेगडीजवळ होती, जुन्या शालीत गुंडाळलेली,
आणि आई तिला वळसा घालून वावरत होती.

उद्या दहाला आर्तिकहून माणूस येणार आहे, रोख घेऊन.
आईनं बाबांच्या कोटातून किल्ली काढली,
माझ्या हातावर ठेवली.
"चालू करून ठेव," एवढंच बोलली.

"तीन गोष्टी लागतात," काका म्हणतात.
"हवा, पेट्रोल, ठिणगी.
हवा ग्युमरीत फुकट आहे, आणि जरा जास्तच आहे."
ते कार्ब्युरेटरचं झाकण काढतात, बोटानं दांडी ओढतात.
बारीक चूळ उडते. वास येतो.
"पेट्रोल आहे."

मग प्लग काढून ते इंजिनाच्या अंगावर आडवा ठेवतात.
"फिरव."
मी काच खाली करून मान बाहेर काढते, दोघं टक लावून बघतो.
काही नाही.
इतकं काही नाही, की लांबचं कुत्रं ऐकू येतं.

डिस्ट्रिब्युटर उघडतात. पॉइंट काळवंडलेले.
माझी नखांची कानस मागून घेतात, घासतात,
फुंकर मारतात. फिरव.
काही नाही.

मागच्या दिव्याचा बल्ब, त्याला दोन वायरी:
हे काकांचं सगळं यंत्र.
एक टोक पत्र्याला, दुसरं कॉइलला.
बल्ब आंधळा.
"कॉइलला नावं ठेवू नकोस.
बिचारी उपाशी आहे. वाटेत कुणीतरी घास अडवलाय."

आता ते डॅशबोर्डखाली उताणे,
बूट बाहेर बर्फावर, तोंडात टॉर्च.
"ही हिरवी वायर कंपनीची नाही," टॉर्चभोवतून बोलतात.
"सांधा बघ."
मी वाकते. काळी चिकटपट्टी,
टोक आत दुमडून, घट्ट, एकही सुरकुती नाही.
माझ्या शाळेच्या वह्यांना अशीच कव्हरं असायची.

हिरवी वायर राखदाणीमागे जाते.

बाबा सिगारेट ओढत नव्हते.
आणि राखदाणीची कड झिजून
नव्या नाण्यासारखी चकचकते आहे.

ओढते. आत राख नाही. एक बटण,
कुठल्यातरी मेलेल्या रेडिओचं,
खाली पडलेलं.

"वहिनी!" काका वर ओरडतात.
"गेघाम कधी बटणाचं बोलला होता?"
खिडकीत आई. बराच वेळ नुसती वाफ.
"चोरानं नेली तरी गल्ली ओलांडणार नाही, म्हणायचा.
मला वाटलं, बढाई मारतोय."

ऑक्टोबरात इस्पितळाची गाडी दारात उभी,
बाबा एका हातानं पोट धरून, "एक मिनिट," म्हणाले,
आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे गेले.
आम्हाला वाटलं, चष्मा विसरले.
चष्मा डोळ्यांवरच होता.

बटण वर. किल्ली.
झिगुली खोकते, शिंकते, धूर ओकते,
आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी चालू होते.
काका चिंधीला हात पुसतात, उगाच खूप वेळ.
"पॉइंट घासले तेही बरंच झालं," म्हणतात.
माझी कानस त्यांच्याच खिशात जाते.

"आर्तिकवाल्याला बटणाचं सांगायचं?"
काका खांदे उडवतात. बॅटरीची शाल
माझ्या हातात देऊन जिन्याकडे निघतात.

मी इंजिन बंद करते. उतरते. दार लावते.
काका जिन्यात थांबून बघतात, येतेस ना?

"एक मिनिट," मी म्हणते,
आणि दार पुन्हा उघडते.