अंक चौथा

\कोड म्हटलं की अक्षरं एका मापाची होतात,
प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी.
\दम ही आज्ञा माझी मीच केली :
दोन परिच्छेदांत अर्धी ओळ मोकळी,
बाकी काही नाही.

र मात्र ऐकत नाही.
आलेखातल्या ‘दऱ्या’ लिहाव्यात
तर पानावर ‘दर्या’ उमटतो.
रात्री दीड वाजता, कोथरूडमध्ये, समुद्र.
तीन तास गेले तो आटवायला.

नारायण पेठेतले भोकरे विचारतात, प्रती किती?
साठ.
‘साठात मशीन तापतसुद्धा नाही हो.’
तरी कागद दाखवतात, बोटांत चुरून, सत्तर जीएसएम.

आणि \निरू.
समासात बारीक टायपात निरुपमाचे आक्षेप छापायला केलेली.
‘हे चूक आहे.’ ‘हे कुणाला कळणार?’
‘इथे तू दमलेला दिसतोस.’
यंदा तिनं काहीच पाठवलं नाही. नाशिकला असते, नोकरी आहे.
सात ठिकाणी कंस उघडतो
आणि लगेच मिटतो.

काल काढून पाहिली ती आज्ञा.
मजकूर सरकला डावीकडे, ऐसपैस,
सोळाची पंधरा पानं झाली.

पंधराची घडी बसत नाही.
परत घातली.