अजून नाही

खार्कीव्ह, जानेवारी. तळघरातल्या प्रयोगशाळेत
वीज जाऊन चार तास झालेत.
मेलानिया ह्नातिव्ना कपाळावरच्या दिव्यात
बॅटरीवरचा मीटर वाचते.
पायांत नमद्याचे बूट, बोटं उघडी,
हातमोजे घालून पेन्सिल धरता येत नाही म्हणून.
टाकीत हीलियमचा शेवटचा घोट.
काल यायची गाडी आजही आली नाही,
उद्याचं कोण सांगणार.

काचेवर बिस्मथचे दोन पापुद्रे.
एक जरा जाड. दुसरा इतका पातळ
की अणूंचे थर मोजायला
हातापायांची बोटं पुरावीत.
सोमवारी तिनेच उतरवले ते वाफेतून,
अशा गारठ्यात, की जो अणू जिथे पडला
तिथेच थिजला, शेजारी कोण हे न विचारता.
ना पंगत, ना पान, नुसती झुंबड.
आणि त्या झुंबडीतून वीज अशी जायची
की वाटेत कुणाचा खांदा म्हणून लागू नये.

ओळीत बसले की अडवायला लागतात,
ती म्हणाली.
ओस्ताप हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

आठ केल्विन. दोघांतही रोध परतला.
बारा.
सोळाला जाड पापुद्र्याचा काटा उडाला,
एकदाच,
घरभर पसरलेली भांडी
क्षणात मांडणीवर लागावीत तसा.
संपलं. आता पुन्हा कितीही गोठवा,
तो पूर्वीचा वेंधळेपणा त्याला जमायचा नाही.

आणि पातळ?
अजून नाही.

हा का थांबलाय?
टँकरपुढे रांग कशी लागते, बघितलंस ना?
पहिली पाच-सात माणसं उभी राहिली
की बाकीची आपोआप मागे येतात.
ह्याच्यात तेवढी माणसंच नाहीत
एकमेकांच्या जवळ.

ओस्तापला आपले सोन्याचे कण आठवले,
सूक्ष्मदर्शकाखाली रात्रभर चुळबुळणारे.
पाच बाजूंचे होतात, मोडतात,
परत काहीतरी तिसरंच.
स्फटिकांच्या पुस्तकात पाचाला जागा नाही.
कणांनी पुस्तक वाचलेलं नाही.

वीस.
दूर कुठेतरी धप्प झालं.
छताचा चुना वहीवर सांडला.
तिने फुंकर मारली, वेळ लिहिली,
तापमान लिहिलं, एकवीस,
आणि शेजारच्या रकान्यात, त्याच बारीक अक्षरात,
दर दहा मिनिटांनी लिहीत आली होती
ते दोन शब्द.