आउट

लेतेब्रहान चाकाचा आउट काढते आहे.
टेबलाला उलटा बांधलेला जुना चिमटा,
त्याला कपड्यांचे दोन चाप;
रिम घासली की टिक.
कॉफीची तिसरी फेरीही गार झाली.

पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे.
डावं सुधारलं की उजवं रुसतं.

वडिलांना आता ऐकू येत नाही.
ते दात रिमला टेकवतात,
नखानं एकेक तार छेडतात.
"सतरावा ढिला."

ती मोजते.
सतरावाच.

उद्या अवेत याच चाकावर निघेल:
अस्माराहून मस्सावापर्यंत नुसता उतार,
आणि त्याला ब्रेक दाबायची लाज वाटते.

ती पाना ठेवते,
चाकाला बोटानं ढकलते,
आणि टिक न होण्याची
वाट बघत बसते.