समास

विश्वामित्रीच्या काठाने घरोघर विचारत निघालो,
पाणी कुठवर आलं होतं?
मी, हातात वही,
आणि परमारभाई, खांद्यावर मापाची काठी,
जिचे लाल-काळे आकडे पाहून
पोरं मागे लागतात: काका, हा कसला स्टंप?

कमूबेननं भिंत दाखवली नाही.
स्वतःच्या कानाला हात लावला. "अहीं सुधी."
जमिनीवर उभ्या होतात?
"ना रे. खाटेवर."
परमारभाई खाट मोजायला वाकले.
पण ही खाट नवी. ती तर वाहून गेली.
मग तिनं विटा आणल्या, पायांखाली रचल्या,
एक काढली, परत ठेवली,
वर चढून डोळे मिटून उभी राहिली
बराच वेळ.
"हां. आटलुंच."
मी लिहिलं: एक मीटर शहाण्णव.

हुसेनमियाँच्या गॅरेजात विचारावं लागलं नाही.
चारी भिंतींना ग्रीसची रेघ,
पाणसळ लावून मारल्यासारखी.
"पाण्यासारखा गवंडी नाही," म्हणाले,
"दीड दिवस काम केलं, मजुरी म्हणून सगळी हत्यारं नेली."

पुढच्या गल्लीत न्हाणीघरात मगर सापडली होती.
तिच्याविषयी तक्रार कुणाचीच नव्हती.

ऑफिसात नकाशा पसरला की
चार कोपऱ्यांवर चार वजनं लागतात:
पंचिंग मशीन, दिघेसाहेबांचा डबा, शाईचा पॅड, माझा फोन.
फिकट निळ्या रंगात
शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर.
हे मी कमूबेनला समजावून सांगितलं होतं.
ती म्हणाली, मग माझं वय तीनशे.

भिंत घाला, असं वरून आलंय.
दोन्ही काठांना, उंच, माथ्यावर फिरायला फरसबंद वाट.
दिघेसाहेब चष्मा पुसतात, पुसतच राहतात.
"भिंत पाणी थांबवत नाही गं,
फक्त पत्ता बदलून पुढच्या गावाला धाडते."
आणि कपाटावरून जुना नकाशा काढायला लावतात,
कापडावर चिकटवलेला, घडीवर झिजलेला.
नदीला दोन्हीकडून कोतरं फुटलेली,
हाताला बोटं असावीत तशी.
समासात मोडीतली एक ओळ.
मोडी वाचणारे टिळेकर दुपारी आले,
चहा संपवला, मग भिंग धरलं:
"येथे पाणी राहाते."

येथे म्हणजे कुठे,
ते मी दोन्ही नकाशे काचेवर धरून पाहिलं.
पाचवं कोतर.
ट्रकांनी राडारोडा ओतून बुजवलेलं.
त्यावर इंद्रपुष्प सोसायटी, बी विंग,
पार्किंग क्रमांक अकरा.
माझी स्कूटर तिथे असते.
हप्ते अजून सहा वर्षांचे.

शाळेत गुप्तेबाई पट्टीने समास आखायला लावत.
मला ती कागदाची उधळपट्टी वाटे;
मी शब्द रेघेवरून पलीकडे ढकलायचे,
एखादा काना, एखादी वेलांटी,
मग अख्खं वाक्य.
वही भिजली तेव्हा
कडेचंच आधी गेलं.

आता लाल पेन माझ्या हातात.
रेघ कमूबेनच्या खाटेवरून जाते,
हुसेनमियाँच्या दारातून,
आणि माझ्या स्कूटरखालून.
एकच रेघ, एकाच जाडीची.
पण मला माहीत आहे,
तिला नोटीस जाईल
आणि आम्हाला मिळेल पंप.

शिफारशींत मी चार कोतरं टाईप केली.
उघडावीत, खोल करावीत, त्यांत बांधकाम नको.
बोट थांबलं.
खाली कॅन्टीनवाला शटर ओढत होता.
मग पाचवंही टाईप केलं, पत्त्यासकट,
आणि आधी बी विंग, मग वस्ती, असा क्रम लावला.
टिकेल की नाही, देव जाणे.

रात्री लिफ्टपाशी कारखानीसकाका भेटले.
"काय मॅडम, तुमच्याच खात्याचं काम,
यंदा येणार का हो पाणी आपल्याकडे?"

येत नाही, काका, म्हटलं.
राहतं.

त्यांनी चौथा मजला दाबला.