टक्केवारी

अंबडच्या शेडमध्ये सुकदेव गांगुर्डे
बावीस वर्षं पाय करतोय.
प्लास्टर, तापलेली शीट, मग राउटरवर कड घासायची,
कुणाला बोचू नये म्हणून
शेवटी अंगठा फिरवून बघायचा.

तोच अंगठा गेला. पहिल्या पेराशी.
मशीनचा गार्ड टेबलाखाली होता, डब्याशेजारी.

मी विम्याचा फॉर्म भरते.
अपंगत्व किती टक्के?
‘मोजा ताई,’ म्हणत तो
डाव्या हाताने खिशातला कॅलिपर काढतो.

गार्ड कुणी काढला, या रकान्यापाशी
पेन अडतं.
शनिवारी नऊ पाय द्यायचे होते.
तारीख मीच दिली होती.

बाहेर सिन्नरची एक मुलगी
नव्या पायाने जिना चढते, उतरते,
पुन्हा चढते.
बोचत नाही म्हणते.