दोनदा गोठवावं लागतं

सव्वीस वर्षं डब्बोच्या खाटिकखान्यात
पट्ट्यावरून येणारी काळजं मी तपासली.
मेंढीचं काळीज, अजून वाफाळतं.
अंगठा कडेने फिरवायचा, उलटायचं, पुन्हा फिरवायचा.
पांढरा ठिपका लागला की डावी बादली.
मेंढीला कुणी विचारत नसे.

आता सिडनीत, पाचव्या मजल्यावर,
डॉक्टर उजेडाच्या काचेवर माझा फोटो लावतो.
आतड्यातनं निघालं ते इथवर आलं, म्हणतो, तीन ठिकाणी.
मी चार मोजते.
तो चष्मा वर सरकवून बघतो. चार.
काळजाला घरं पडतात म्हणतात,
माझ्या पडली ती अशी, मोजून.

कापता येत नाहीत. मोठ्या शिरेला खेटून बसलीत.
मग गोठवायची.
पेन्सिलीएवढी सळई, तिच्या पोटात नायट्रोजन,
उणे एकशे नव्वद.
गाठीभोवती बर्फ धरत जातो,
पडद्यावर काळा दिसतो, कड तेवढी पांढरी.
कड गाठीच्या पलीकडे बोटभर सरकली
की थांबायचं. वितळू द्यायचं. सावकाश.
मग पुन्हा गोठवायचं.

एकदाच का नाही?
तो म्हणाला, गोठताना काही पेशी तग धरतात,
वितळताना मरतात.

हे मला कुणी सांगायला नको होतं.
क्लेम गेला त्या जुलैत मी रडले नाही.
शेड धुतली, कुत्र्याला घातलं, सहाच्या पाळीला हजर.
सप्टेंबरात वॉटल पिवळे झाले, हवा मऊ झाली,
आणि दुकानात, मैद्याच्या पुड्यांसमोर,
मी बसले ती उठेना.

पायांवर गरम हवेची रजई घातली होती म्हणे,
नाहीतर सगळी बाईच थंड पडते.
आणि दुसऱ्यांदा वितळताना
ते तडकलं, तळ्यावरच्या पापुद्र्यासारखं.
रक्त आलं.
मग कुणीतरी हातानेच दाबून धरलं.
किती वेळ?
थांबेपर्यंत.

चौथ्या दिवशी मी विचारलं, कुणी धरलं?
अनूश नावाची पोर पुढे आली, जेमतेम तिशीची,
डोळ्यांखाली रात्रपाळी.
म्हटलं, दाखव कसं.
तिने हवेत हात धरला, ओंजळीसारखा,
जड काहीतरी असावं तसा.

अंगठा बरोबर कडेवर होता.
मी तिला म्हटलं, मनगट सैल ठेव,
अठ्ठावीस मिनिटं फार होतात.