आडवी रेघ

उणे सहाचा नंबर गेला. चष्मा मी स्वतःच
येओंदोच्या धक्क्यावरून समुद्रात भिरकावला.
आई ओरडली, अगं, फ्रेम नवी होती.

तीन महिन्यांनी डॉक्टर तक यांनी
घड्याळाच्या तबकडीसारखा तक्ता दाखवला,
नुसत्या रेघा, काटे नाहीत.
"कुठली जास्त काळी?"
बाराची. सहाची.
"लेझरआधी तुम्ही तीन आणि नऊ म्हणाला होतात,"
कागद चाळत ते म्हणाले, खालच्या आवाजात,
जणू मीच साक्ष फिरवली.
सिलिंडर थोडाच उरलाय,
पण त्याचा अक्ष वळलाय. पारपटल भरून येताना
कधी कधी असं करतं. थांबून पाहू.

थांबून काय पाहू?
मी जहाजांची नावं रंगवते.
आमच्या लिपीत आडवी रेघ म्हणजे जमीन,
उभी म्हणजे माणूस. शाळेत शिकवतात
आणि मग सगळे विसरतात.
पूर्वी चष्मा उतरवला की त्या धुक्यातही
जमीन त्यातल्या त्यात धरून असायची,
माणसं आधी विरघळायची.
आता माणूस भाल्यासारखा ताठ
आणि जमिनीखाली अजून एक जमीन,
फिकट, जरा सरकलेली.
बंदराबाहेरचं क्षितिजसुद्धा
दुहेरी टीप मारल्यासारखं.

बुधवारी एका मासेमारी बोटीचं नाव घातलं.
खाली उतरले तर फोरमन बे म्हणाला,
नान-यॉन, ही रेघ एवढी जाड कशी?
मी दोन्ही जमिनी रंगवल्या होत्या.

आईला सांगितलं. तिनं तीस वर्षं
याच गोदीत हातोडीनं गंज झोडला,
डाव्या कानात ठणठण अजून थांबलेली नाही.
सूप ढवळत म्हणाली,
"मी नाही का, बोलणाऱ्याकडे उजवा कान करत?"
बाकी काही नाही. मुळा वाढला.

दुसऱ्या दिवशी फळीवर चढले
आणि सरळ कुशीवर आडवी झाले,
गाल लाकडाला, पोलादी भिंत नाकाशी.
जमीन एक झाली.
खालून पोरं खिदळली, ताई झोपली बघा!
ब्रश डावीकडून उजवीकडे नेत राहिले,
म्हणजे माझ्यापुरता वरून खाली,
रेघ संपेपर्यंत श्वास सोडला नाही.

शेजारचा उभा माणूस मात्र तोवर
दोन झाला होता.
त्याच्यासाठी उठून बसावं लागलं.